वीज गेल्यावर कॅमेऱ्याचे काय? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घरात बसवलेल्या वाय-फाय कॅमेऱ्यांविषयी आलेल्या पत्रांत चित्राच्या स्पष्टतेपेक्षा विजेची चिंता अधिक दिसते. कॅमेरा किती वीज खातो आणि वीज गेल्यावर तो किती वेळ तग धरतो, हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. म्हणून या वेळी त्याच विषयावरची पाच पत्रे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीला राहतो. गुहागर तालुक्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर ते बंदच असते. ओटी, मागची पडवी आणि आगर अशा तीन ठिकाणी वाय-फाय कॅमेरे लावले आहेत आणि त्यांच्यासाठी फायबरचे इंटरनेट घेतले आहे. पावसाळ्यात वीज गेली की तिन्ही कॅमेरे मोबाईलवर ‘ऑफलाइन’ दिसू लागतात आणि कधी कधी चार-चार दिवस तसेच राहतात. शेजारच्या काकूंना फोन केला तर त्या म्हणतात, ‘लाइट तर सकाळीच आली.’ इन्व्हर्टर बसवला तर हा प्रश्न सुटेल का?

उत्तर : तुमच्या पत्रातले काकूंचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. वाडीत वीज आली आहे आणि तुमच्या घरात मात्र नाही, याचा अर्थ बहुधा घरातलीच कळ पडलेली आहे. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, अंगणातल्या दिव्याच्या होल्डरमध्ये किंवा विहिरीवरच्या पंपाच्या जोडणीत पाणी शिरते आणि थोडा थोडा विद्युतप्रवाह जमिनीत झिरपू लागतो. हा झिरपा ३० मिलिअँपिअरच्या घरात गेला की आरसीसीबी, म्हणजे अनेक वायरमन अजूनही जिला ईएलसीबी म्हणतात ती कळ, संपूर्ण घराची वीज तोडते. घर बंद असल्याने ती पुन्हा वर करायला कोणी नसते. अशा वेळी बॅटरी कितीही मोठी असली तरी ती एक-दोन दिवसांत संपणार आणि कॅमेरे बंद पडणार.

ही कळ काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो कृपया मानू नका. ती माणसाचा जीव वाचवण्यासाठी असते. त्याऐवजी मेन स्विचच्या पुढे राउटर आणि कॅमेरे यांच्यासाठी एक स्वतंत्र लाइन ओढून घ्या आणि तिला स्वतःची एमसीबी, म्हणजे भार फाजील झाला की वीज तोडणारी कळ, आणि स्वतःची आरसीसीबी बसवून घ्या. पंप, अंगणातले दिवे, न्हाणीघर हे सगळे दुसऱ्या लाइनवर राहील आणि घर बंद करून निघताना तेवढी लाइन तुम्हाला निर्धास्तपणे बंद करता येईल. मग आगरातल्या ओल्या होल्डरपायी ओटीवरचा कॅमेरा मरणार नाही. हे काम बॅटरीच्या आधी करायचे आहे.

आता बॅटरीचा हिशोब. कॅमेऱ्याच्या अॅडॉप्टरवर ‘५ व्होल्ट, २ अँपिअर’ असे लिहिलेले असते. ती अॅडॉप्टरची देण्याची क्षमता असते, कॅमेऱ्याची भूक नव्हे. साधा वाय-फाय कॅमेरा दिवसा सुमारे ३ वॅट घेतो आणि रात्री अंधारात पाहण्यासाठी त्याचे अवरक्त दिवे लागले की ५ वॅटपर्यंत जातो. तुमच्या तीन कॅमेऱ्यांची दिवस-रात्रीची सरासरी १२ वॅट धरा. राउटर आणि फायबरचा डबा, म्हणजे बाहेरून आलेली फायबर ज्यात शिरते ते छोटे यंत्र, मिळून साधारण १० वॅट होतात. म्हणजे एकूण २२ वॅट, आणि २४ तासांचे ५२८ वॅट-तास, अर्ध्या युनिटाहून किंचित अधिक.

घरोघरी दिसणारी १५० अँपिअर-तासांची १२ व्होल्टची ट्युब्युलर बॅटरी कागदावर १,८०० वॅट-तासांची असते. ती दीर्घकाळ टिकावी म्हणून निम्मी वापरायची म्हटले तर हाती ९०० येतात. परंतु इन्व्हर्टर चालू राहण्यासाठी स्वतःच १५-२० वॅट खातो, त्यामुळे २२ वॅटच्या कामासाठी बॅटरीतून सुमारे ४० वॅट जातात आणि २२ तासांत खेळ आटोपतो. त्याशिवाय अशा बॅटरीत दर काही महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर भरावे लागते. बंद घरात ते कोण भरणार? पाण्याविना प्लेटा उघड्या पडलेली बॅटरी चार्ज होत राहणे धोक्याचेही आहे. राहत्या घरासाठी इन्व्हर्टर चांगलाच. तुमच्या घरासाठी मी तो सुचवणार नाही.

तुम्हाला लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची १२.८ व्होल्ट, २० अँपिअर-तासांची छोटी बॅटरी सोयीची पडेल. तिच्यात पाणी घालावे लागत नाही आणि तिच्यातून २२० व्होल्ट करून पुन्हा १२ आणि ५ व्होल्टवर उतरण्याचा द्राविडी प्राणायामही टळतो. तिचे २५६ वॅट-तास होतात. रूपांतरात जाणारे वजा केले तर २१५ उरतात. तिन्ही कॅमेरे आणि राउटर त्यावर साधारण १० तास चालतील. फक्त ओटीवरचा कॅमेरा आणि राउटर ठेवला, तर हाच आकडा १५ तासांवर जातो. आणि राउटरही बंद राहू दिला, केवळ कॅमेरा आपल्या एसडी कार्डावर चित्रण साठवत राहिला, तर बॅटरी दोन दिवसांहून अधिक पुरते.

म्हणून खरेदीच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारावा, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. वीज गेलेली असताना डोंबिवलीत बसून घर पाहायचे आहे, की त्या काळात काय घडले याची नोंद मागाहून मिळाली तरी चालेल? पहिल्या गोष्टीला राउटर हवा, फायबरचा डबा हवा आणि तुमच्या केबलवाल्याचे तालुक्याच्या गावातले यंत्रही चालू हवे. फायबरच्या वाटेवरच्या फाट्यांना वीज लागत नाही, पण त्या टोकाच्या यंत्राला लागते. त्याच्याकडे किती तासांचा बॅकअप आहे, हे त्याला विचारून घ्या. तो तीन तासांत थांबत असेल, तर तुमच्या राउटरला पंधरा तासांची बॅटरी देऊन काही साधणार नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड आणि रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज परत यायला काही आठवडे लागले. तशा प्रसंगासाठी घरगुती बॅटरी नसतेच. जुलैतल्या एखाद्या रात्रीसाठी मात्र ती जरूर आहे.

दोन गोष्टी जोडणाऱ्याला आवर्जून सांगा. ही बॅटरी चार्ज होताना १४.६ व्होल्टपर्यंत चढते, त्यामुळे राउटर तिला थेट न जोडता मध्ये १२ व्होल्ट स्थिर ठेवणारा आणि कॅमेऱ्यांसाठी ५ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर हवा. चार्जरही त्याच प्रकारच्या बॅटरीचा हवा, जुन्या इन्व्हर्टरचा चालणार नाही. दुसरी गोष्ट कॅमेऱ्यातल्या घड्याळाची. अनेक स्वस्त कॅमेऱ्यांत घड्याळाला स्वतःची बॅटरी नसते. ते वेळ इंटरनेटवरून घेतात. वीज परत आल्यावर इंटरनेट आधी आले नाही, तर असा कॅमेरा चित्रणावर १ जानेवारी १९७०, पहाटे ५.३० अशी वेळ उमटवू लागतो आणि ते चित्रण कार्डात नेमके कुठे गेले हे शोधता शोधता जीव मेटाकुटीला येतो. पोलिसांना दाखवायच्या चित्रणावर अशी तारीख असली तर त्याचे वजनही कमी होते. निदान एका कॅमेऱ्याला अखंड वीज मिळत राहिली, तर त्याचे घड्याळ शाबूत राहते.

प्रश्न : नाशिकला आमच्या बंगल्यात चार वायरचे कॅमेरे आणि डीव्हीआर बसवल्यापासून वीजबिल वाढले आहे. यजमानांचे म्हणणे असे, की कॅमेरे काढून टाकावेत. खरोखर एवढी वीज लागते का?

उत्तर : चार कॅमेऱ्यांचे सुमारे १६ वॅट, डीव्हीआरचे, म्हणजे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे, हार्ड डिस्कसह १२ आणि वीजपुरवठ्याच्या डब्यात उष्णता होऊन जाणारे चार-पाच, असे ३३ वॅट धरू. दिवसाला पाऊण युनिटाहून थोडे जास्त आणि महिन्याला जवळपास २४ युनिट होतात. आकडा लहान आहे, पण दुर्लक्ष करण्याजोगा नाही, कारण महावितरणच्या घरगुती दरांत १०० आणि ३०० युनिटांवर टप्पे बदलतात. आतापर्यंत तुमचा वापर ९० युनिटांचा असेल, तर या २४ पैकी १४ युनिट वरच्या महाग दराने मोजले जातात.

तरीही अंदाजावर भांडण्यापेक्षा मोजून पाहा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटाला तो किती वेळा लुकलुकतो, हे मीटरच्या तोंडावरच छापलेले असते. बऱ्याच मीटरांवर हा आकडा ३,२०० असतो. फ्रीजसह घरातले सगळे काही दहा मिनिटे बंद करा, केवळ डीव्हीआर आणि कॅमेरे चालू ठेवा आणि एका लुकलुकीपासून दुसरीपर्यंतचे सेकंद मोजा. आकडा ३,२०० असेल, तर १,१२५ ला त्या सेकंदांनी भागले की वॅट मिळतात. ३४ सेकंद लागले तर ३३ वॅट. हेच पुन्हा रात्री, अवरक्त दिवे लागलेले असताना करा. दहा-बारा सेकंदांतच दिवा लुकलुकला, तर भार शंभर वॅटच्या घरात आहे आणि कॅमेऱ्यांच्या जोडीने दुसरेच काहीतरी वीज खात आहे. पाण्याच्या टाकीची मोटर, स्टँडबायवरचा टीव्ही, बाहेर रात्रभर जळणारा हॅलोजन यांचा माग काढा. कॅमेरे काढण्याची घाई करू नका.

प्रश्न : पुण्यात आमच्या फ्लॅटमध्ये इन्व्हर्टर आहे, तरीही वीज गेल्याबरोबर कॅमेरा दोन-तीन मिनिटे बंद पडतो आणि मग आपोआप सुरू होतो. मी दिवसभर कार्यालयात असते आणि घरी सासूबाई एकट्या असतात, म्हणून ही दोन-तीन मिनिटेही मला अस्वस्थ करतात. राउटरसाठी ८,८०० एमएएचचा छोटा यूपीएस मिळतो. तो बारा तास चालतो असे दुकानदार म्हणतात. तो घ्यावा का?

उत्तर : तुमची अस्वस्थता रास्त आहे. अनेक इमारतींत तळमजल्यावरच्या मीटररूमला कुलूपही नसते आणि एखाद्या फ्लॅटची वीज तोडायला तिथली एक कळ पाडणे पुरते. तीच दोन-तीन मिनिटे एखाद्याला हवी असू शकतात.

आधी इन्व्हर्टरच्या मागे पाहा. बहुतेक इन्व्हर्टरांना एक छोटी कळ असते आणि तिच्या दोन स्थिती असतात. एका बाजूला ‘यूपीएस’ आणि दुसऱ्या बाजूला ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ असे लिहिलेले असते. दुसऱ्या स्थितीत विजेवरून बॅटरीवर जायला थोडा अधिक वेळ लागतो. पंख्याला आणि दिव्याला तो जाणवत नाही, पण राउटर तेवढ्यात बंद पडून पुन्हा सुरू होतो. तुमचा कॅमेरा बहुधा बंद पडतच नसेल. राउटर उठून फायबरच्या डब्याशी पुन्हा जुळेपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात आणि तोवर कॅमेरा मोबाईलवर दिसत नाही, इतकेच. कळ ‘यूपीएस’कडे करा. त्याने इन्व्हर्टर कमी-जास्त व्होल्टेज कमी खपवून घेईल आणि अधूनमधून विनाकारण बॅटरीवर जाईल, पण ते चालण्यासारखे आहे.

एवढ्याने भागले नाही, तर घरातला मेन स्विच बंद करून पाहा. इन्व्हर्टरवर सगळे अखंड चालले आणि इमारतीची वीज जाते तेव्हा मात्र इंटरनेट जाते, तर दोष जिन्यातल्या पेटीत आहे. काही ठिकाणी फायबर फ्लॅटपर्यंत येत नाही; ते जिन्यातल्या स्विचपर्यंत येते आणि पुढे साधी लॅन केबल असते. त्या स्विचला इमारतीच्या मीटरवरून वीज मिळते, तुमच्या इन्व्हर्टरवरून नव्हे. फायबर थेट घरात आणून घेणे किंवा सोसायटीच्या बैठकीत त्या पेटीसाठी बॅटरी मागणे, हे दोन मार्ग आहेत.

आता छोट्या यूपीएसबद्दल. तो अवश्य घ्या, पण बारा तासांच्या भरवशावर राहू नका. एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास. दुकानदार ८,८०० ला राउटरच्या ७५० मिलिअँपिअरने भागतात आणि बारा तास सांगतात. ते ८,८०० मात्र आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलांचे असतात आणि राउटर घेतो १२ व्होल्ट. खरा हिशोब असा : ८.८ गुणिले ३.७, म्हणजे साधारण ३२ वॅट-तास. त्यातले पंधरा टक्के रूपांतरात गेले तर २७ उरतात. राउटर आणि फायबरचा डबा मिळून ९ वॅट घेत असतील, तर तीन तास. तुमच्याकडे इन्व्हर्टर असल्याने तीन तास भरपूर आहेत. या यूपीएसचे तुमच्याकडचे काम केवळ बदलाचा तो क्षण सांभाळण्याचे आहे. घेताना त्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी, म्हणजे आर अक्षराने सुरू होणारा क्रमांक, आहे ना ते पाहा आणि तुमच्या राउटरच्या पिनेची जाडी जुळवून घ्या. आतले सेल दोन-तीन वर्षांत थकतात. म्हणून दर सहा महिन्यांनी एकदा प्लग काढून तो किती वेळ चालतो हे घड्याळ लावून पाहा आणि तो आकडा त्याच्याच पाठीवर तारखेसह लिहून ठेवा.

प्रश्न : सांगलीला मागच्या गच्चीवर बसवलेला कॅमेरा दिवसभर नीट चालतो, पण दिवेलागणीला बंद-चालू, बंद-चालू होऊ लागतो. कॅमेरा बदलून आणला, तरी तेच. तूर्त पॉवर बँक जोडून चालेल का?

उत्तर : हा अनुभव मी माझ्याच घरी घेतला आहे. तिन्हीसांजेला कॅमेऱ्यातून ‘टक्’ असा बारीक आवाज येई, भिंगाभोवतीचे दिवे मंद तांबडे होत आणि लगेच सगळे विझे. अर्ध्या मिनिटाने पुन्हा टक्, पुन्हा अंधार. तो आवाज अवरक्त प्रकाश अडवणारी काच बाजूला सरकल्याचा असतो. मल्टिमीटर लावला तेव्हा अॅडॉप्टरपाशी ५ व्होल्ट होते, कॅमेऱ्यापाशी दिवसा ४.३ आणि दिवे लागले त्या क्षणी ४ च्याही खाली. दोष पाच मीटरच्या बारीक यूएसबी केबलचा होता. केसासारख्या तारांच्या अशा केबलीत जाण्यायेण्याचा मिळून २ ओहमच्या आसपास विरोध असतो. दिवसाच्या ०.४ अँपिअरला तो ०.८ व्होल्ट खातो आणि रात्री प्रवाह दुप्पट झाला की व्होल्टची ही घटही दुप्पट होते.

कॅमेऱ्याजवळ सॉकेट काढून केबल एक मीटरची करा, किंवा जाड दोन तारांतून १२ व्होल्ट गच्चीपर्यंत न्या आणि ते तिथे कन्व्हर्टरने ५ वर उतरवा. दुसरा मार्ग अधिक चांगला, कारण राउटरचा १२ व्होल्टचा यूपीएस पुरेसा सक्षम असेल, तर त्याच्यावरच कॅमेराही चालवता येतो.

पॉवर बँक एका रात्रीपुरती ठीक आहे. २०,००० एमएएचची असेल, तर कॅमेरा चौदा-पंधरा तास सहज चालेल. मात्र ती कायमची चार्जरला जोडून ठेवू नका. ती त्या वापरासाठी बनवलेली नसते; अनेक पॉवर बँका चार्जर लावताच किंवा काढताच क्षणभर वीज तोडतात, त्यामुळे कॅमेरा पुन्हा सुरू होतो. उन्हाने तापणाऱ्या गच्चीवर महिनोन् महिने भरलेल्या राहिल्या, तर त्या फुगतात. पोट फुगलेली पॉवर बँक पुन्हा चार्जिंगला लावू नका आणि टोचून पाहण्याचा मोह टाळा.

प्रश्न : चंद्रपूर जिल्ह्यात शेतावरच्या गोठ्यात वीज नाही. बॅटरी आणि सोलर पॅनेल असलेला कॅमेरा उन्हाळ्यात टिकेल का? जाहिरातीत ‘एका चार्जमध्ये चार महिने’ असे म्हटले आहे.

उत्तर : तसा कॅमेरा झोपलेला असतो. समोर उष्ण शरीर हलले की त्याचा संवेदक त्याला जागे करतो, तो वीस-एक सेकंद चित्रण करतो आणि पुन्हा झोपतो. १०,००० एमएएचची बॅटरी ३७ वॅट-तासांची. एका जागरणाला ३ वॅटने वीस सेकंद धरले तर सुमारे २,२०० जागरणे होतात. दिवसाला वीस वेळा जाग आली तर चार महिन्यांच्या जवळपास जाता येईल. परंतु गोठ्यात बैल कान हलवतो, शेपटी उडवतो, कुत्रे फिरते, आणि दोनशे जागरणे सहज होतात. मग अकरा दिवस. म्हणून कॅमेरा गुरांकडे रोखू नका. तो गोठ्याच्या फाटकाकडे रोखा आणि अॅपमध्ये ज्या भागातली हालचाल मोजायची तेवढाच चौकोन आखा.

दोनशे जागरणांना दिवसाला साडेतीन वॅट-तास लागतात आणि ५ वॅटचे पॅनेल तुमच्याकडच्या उन्हात त्याच्या तिप्पट सहज देते, तेव्हा सोलरची जोड पुरेशी आहे. झडीच्या दिवसांत ते फार थोडे देईल, म्हणून जूनच्या सुरुवातीला बॅटरी एकदा घरी आणून पूर्ण भरून घ्या. भीती पावसापेक्षा मेची अधिक आहे. ४५ अंशांच्या वर लिथियम बॅटरी चार्ज करणे तिला मारक असते आणि चंद्रपूरच्या मेमध्ये सावलीतच पारा तिथवर पोहोचतो. भर उन्हातले काळे प्लॅस्टिक त्याहून किती तापत असेल, याची कल्पना करा. पॅनेल ज्याच्या अंगाला चिकटलेले आहे असा कॅमेरा घेऊ नका. वायरने सुटे पॅनेल असलेला घ्या, कॅमेरा वळचणीखाली उत्तरेच्या बाजूला बांधा आणि पॅनेल छपरावर दक्षिणेकडे तोंड करून साधारण वीस अंश कलते ठेवा. गोठ्यातल्या कडब्याची धूळ त्यावर बसते. आठवड्यातून एकदा, ऊन चढण्याआधी, ओल्या फडक्याने ते पुसून घ्या.